बगमागे पैसे घेणं आम्ही का सोडलं

आमच्या पहिल्या करारातलं एक कलम मी स्वतः सुचवलं होतं: सॉफ्टवेअरमध्ये जितके बग, म्हणजे चुका सापडतील, तितके पैसे. आम्ही तिघंच होतो, आमचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं, आणि नव्या टेस्टिंग कंपनीवर भरवसा का ठेवायचा या प्रश्नाला माझ्याकडे तेवढंच उत्तर होतं. काही सापडलं नाही तर काही द्यायचं नाही म्हटल्यावर ग्राहक लगेच तयार झाला.

पहिला महिना मजेत गेला. मग माझ्या लक्षात आलं की एकाच फॉर्मवरच्या पाच लेबलांतल्या शुद्धलेखनाच्या चुका आमच्याकडून पाच बग म्हणून नोंदवल्या जातायत. मी कुणाला तसं सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती, कराराने ते सांगितलं होतं. समोरचे डेव्हलपर वैतागले. "हा बग नाही, हे असंच हवंय" असा शेरा मारून ते नोंदी परत पाठवायला लागले आणि दर आठवड्याला एक अख्खी दुपार हा बग की नवी मागणी, या वादात जायला लागली. खोलात दडलेला बग शोधायला दोन दिवस लागतात आणि त्याचेही पैसे एकाच बगचे, म्हटल्यावर त्याच्या वाटेला कोण जाणार? चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने 1975 मध्ये पतधोरणाबद्दल लिहिताना हेच म्हटलं होतं: आकड्याला नियंत्रणाच्या कामाला जुंपलं की त्यातला अर्थ निघून जातो. मला हे नाव कळलं तोवर आम्ही ते भोगून झालो होतो.

खरा दणका बसला तो एका सदस्यत्वाच्या प्रणालीत. कागदावर एकच ओळ होती: 'दर महिन्याला नूतनीकरण'. आम्ही बटणं तपासली, ईमेल तपासले, चुकीचे कार्ड नंबर घालून पाहिले. त्या रिलीजमध्ये दोनशेच्या वर बग नोंदवले. प्रॉडक्शनवर, म्हणजे खऱ्या वापरात गेल्यावर फेब्रुवारीअखेर तक्रारी सुरू झाल्या. स्क्रीनवर मुदत 3 मार्चपर्यंत दिसतेय आणि खातं 28 फेब्रुवारीलाच बंद पडलंय.

कारण कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. सर्व्हर जावात होता. जावाच्या लोकलडेट या तारखा हाताळणाऱ्या साधनात 31 जानेवारीत एक महिना मिळवला की फेब्रुवारीचा शेवटचा दिवस मिळतो. स्क्रीनवरची तारीख मात्र ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट काढत होतं, आणि तिथे महिना नुसता एकने वाढवला तर '31 फेब्रुवारी' पुढच्या महिन्यात ओघळते: 3 मार्च, लीप वर्षात 2 मार्च. दोन्ही भाषा आपापल्या नियमाने बरोबर. त्यात भर म्हणजे पुढचा महिना प्रत्येक वेळी आधीच्या तारखेत मिळवला जात होता, त्यामुळे 31 चे 28 झालेले सदस्य पुढे कायम 28 तारखेलाच अडकले. मायक्रोसॉफ्टची अझूर सेवा 29 फेब्रुवारी 2012 ला कोलमडली तीही याच जातीच्या चुकीने. एका सर्टिफिकेटची अंतिम तारीख काढताना वर्षात नुसता एक मिळवला गेला आणि 29 फेब्रुवारी 2013 अशी नसलेली तारीख तयार झाली. पण मोठ्यांचंही चुकतं, हे आमच्या ग्राहकाला सांगून काय उपयोग?

त्या रात्री मला छळत होता तो वेगळाच विचार. '31 तारखेला आलेल्या सदस्याचं काय करायचं?' हा प्रश्न कोड लिहायच्या आधी कुणी विचारला असता तर पाच मिनिटांत मिटला असता. आमच्यातल्या कुणालाही तो सुचला असता. पण आम्हाला बोलावलं जायचं सगळं बांधून झाल्यावर, आणि प्रश्न विचारण्याचे पैसे करारात नव्हते.

पुढच्या करारातून ते कलम आम्ही काढलं आणि महिन्याचा ठरावीक मोबदला मागितला. सोबत एक अट घातली: काम हातात घेण्याआधी डेव्हलपर, ज्याला ते हवंय तो माणूस आणि आमचा टेस्टर, अशा तिघांनी वीस मिनिटं बसायचं. बैठकीत फक्त उदाहरणं बोलायची. सवलत शंभराच्या वरच्या खरेदीला म्हणजे शंभरला आहे की नाही? दोन जणांनी एकाच वेळी शेवटची जागा घेतली तर? पैसे कापले गेले आणि उत्तर यायच्या आत नेट गेलं तर? ही उदाहरणंच पुढे टेस्ट केस होतात, आणि निम्मी तर डेव्हलपरच युनिट टेस्टमध्ये, म्हणजे कोडचा छोटा तुकडा आपोआप तपासणाऱ्या टेस्टमध्ये, लिहून टाकतात. परिणाम असा की बगचा आकडा घसरला आणि ग्राहकाच्या मॅनेजरने विचारलं, "तुमची माणसं सध्या काय करतात?" हा प्रश्न अजूनही अधूनमधून येतो. नुसतं बोलून तो सुटत नाही. मग आम्ही बैठकीतल्या प्रश्नांची वही पुढे करतो.

ऑटोमेशनमध्येही आम्ही आधी तोंडावर आपटलोच. सेलेनियम, म्हणजे ब्राउझर आपोआप चालवणारं टूल, शिकलो आणि दिसेल ती गोष्ट ब्राउझर उघडून तपासायला लागलो. रात्री लावलेला संच सकाळपर्यंत चालायचा आणि रोज त्यात चार-पाच टेस्ट लाल, म्हणजे नापास असायच्या, रोज वेगळ्या. पुन्हा चालवल्या की हिरव्या. हळूहळू सगळ्यांच्या हाताला एकच सवय लागली: लाल दिसलं की न वाचता रीरन. अशाच एका लालमध्ये खरा बग होता आणि तो आम्ही तीन दिवस रीरन करत बसलो. लांडगा आला रे आला, दुसरं काय.

फ्लेकी, म्हणजे कधी पास तर कधी नापास होणाऱ्या टेस्टची कारणं शोधायला बसलो तर ती फार थोडी निघाली. 'पाच सेकंद थांब' असे ठोकळेबाज स्लीप होते. सर्व्हर मंद असला की पाच सेकंद अपुरे आणि वेगवान असला की वाया. त्याऐवजी 'हे बटण दिसेपर्यंत थांब' असं लिहिलं. दहा टेस्ट एकच टेस्ट युजर वापरत होत्या आणि एकीने पासवर्ड बदलला की बाकीच्या पडायच्या. एक टेस्ट मध्यरात्रीच्या आसपास चालली की 'आज' आणि 'उद्या' यांत गोंधळायची. जी टेस्ट डळमळते ती त्याच दिवशी मुख्य संचातून बाहेर काढायची, हा नियम केला. आठवड्यात दुरुस्त झाली नाही तर सरळ डिलीट. डिलीट करताना जीव तुटायचा, आता तुटत नाही. हिशेबाचे नियम ब्राउझरमधून तपासणं थांबवून खाली युनिट आणि एपीआय (स्क्रीनशिवाय थेट सर्व्हरशी बोलणं) पातळीवर नेले, तेव्हा संच चहा पिऊन होईपर्यंत संपायला लागला. एकदा तो इतका छोटा झाला की डेव्हलपर आपला कोड मुख्य कोडमध्ये मर्ज करण्याआधी आपणहून चालवायला लागले.

कोड कव्हरेजबद्दल, म्हणजे टेस्ट चालताना कोडच्या किती टक्के ओळी चालल्या या आकड्याबद्दल, माझं मत फारसं चांगलं नाही. कोडची ओळ चालली म्हणजे तपासली गेली असं नाही. एकही असर्ट (उत्तर बरोबर आहे का ते पडताळणारी ओळ) नसलेल्या टेस्टनी कव्हरेज नव्वदच्या घरात नेलेला प्रकल्प आमच्याकडे आला होता. आम्ही त्यातली काही 'पेक्षा मोठं'ची चिन्हं मुद्दाम 'मोठं किंवा समान' करून पाहिली. एकही टेस्ट पडली नाही. कोडमध्ये अशी मुद्दाम खोडी काढून बघण्याला म्यूटेशन टेस्टिंग म्हणतात. सगळीकडे ते परवडत नाही, पैशाच्या हिशेबाच्या कोडवर मात्र जरूर करावं.

वेगाबद्दल थोडंसं. ग्राहक म्हणायचे, टेस्टिंगमुळे रिलीज अडतं, टेस्टर वाढवा. बोर्डावर 'टेस्टिंगसाठी तयार' या रकान्यात बारा कामं पडलेली आणि दिवसाला तीन निपटत असतील, तर नव्या कामाला चार दिवस लागणारच. रांगेचं हे साधं गणित जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलं आहे. आम्ही माणसं न वाढवता त्या रकान्यात चारची मर्यादा घातली. रकाना भरला की डेव्हलपरने नवं काम उचलायचं नाही, टेस्टिंगला हात लावायचा. पहिल्या आठवड्यात शिव्या खाल्ल्या. पण अवाढव्य पुल रिक्वेस्ट, म्हणजे मुख्य कोडमध्ये घ्यायला पाठवलेले बदल, तपासताना काय हाल होतात ते त्यांनी स्वतः अनुभवलं आणि नंतरच्या रिक्वेस्ट न सांगता लहान झाल्या.

आज आम्ही नऊ जण आहोत. परफॉर्मन्स आणि सुरक्षेची तपासणी घेत नाही, तो वेगळा अभ्यास आहे. हल्ली नव्या ग्राहकांकडून एक वेगळंच वाक्य ऐकू येतं: टेस्ट आता एआय लिहून देतं. आम्हीही वापरतो, कंटाळवाणं टायपिंग वाचतं. मध्ये कुतूहल म्हणून त्या जुन्या सदस्यत्वाच्या स्क्रीनचा बिघडलेला कोड, बाकी काही न सांगता, अशाच एका टूलला दिला. अर्ध्या मिनिटात नीटनेटक्या टेस्ट आल्या, नावंसुद्धा छान होती. 31 जानेवारीचीही एक होती. तिच्यात अपेक्षित उत्तर लिहिलं होतं 3 मार्च, आणि ती हिरवी होती.