त्रिग्लावच्या सरोवरांकाठी मुक्काम : तयारी कुठवर आली

मंडळी, हट (डोंगरातलं मुक्कामाचं घर) ठरली. स्लोव्हेनियातल्या त्रिग्लाव नॅशनल पार्कमध्ये, सात सरोवरांच्या खोऱ्यात, १,६८५ मीटरवर ही हट आहे. पाटीवरचं नाव ‘कोचा प्री त्रिग्लावस्किह येझेरिह’. सप्टेंबरचा पहिला आठवडा, मधले वार, आणि मुक्काम तिन्ही रात्री तिथेच. रोज नवी हट गाठायची नाही.

ग्रुपमध्ये सगळ्यात जास्त खल झाला तो शिखरावर. त्रिग्लाव २,८६४ मीटर, देशाच्या झेंड्यावरचा डोंगर, तेव्हा ‘एवढं लांब जाऊन माथा नाही?’ हा प्रश्न येणारच. पण वरच्या टप्प्यात लोखंडी खुंट्या आणि स्टीलच्या केबल आहेत, हेल्मेट आणि केबलला अडकवायचा सेट लागतो, आणि आमच्यातल्या निम्म्यांनी तसं कधी केलेलं नाही. शिवाय माथ्याच्या मागे लागलं की सगळा दिवस घड्याळात जातो. मला त्या खोऱ्यात राहायचं आहे. सकाळी दारासमोर सरोवर हवं, दुपारी परत येऊन बाकावर बसायला वेळ हवा. शेवटी सगळ्यांना पटलं.

महिना ठरला तो हवामानावरून. उन्हाळ्यात तिकडे सकाळ लख्ख असते, मग कडे तापतात, हवा वर चढते आणि दुपारनंतर विजांचा पाऊस कोसळतो. आपल्याकडचा एप्रिल-मेचा वळीवच म्हणा, फक्त तो उघड्या कड्यावर गाठतो. सप्टेंबरात हा प्रकार कमी होतो, ऑगस्टची गर्दीही ओसरते. ऑक्टोबर लागला की बऱ्याच हट बंद होतात. यंदा गणपती सप्टेंबरच्या मध्यावर आहेत, म्हणजे मूर्ती घरी यायच्या आत आम्ही कोल्हापुरात. तरीही नियम पक्का केलाय : सहाला बाहेर, दुपारी एकपर्यंत हटच्या छपराखाली.

आता पाण्याचं, कारण आपण सह्याद्रीवाले इथेच फसू शकतो. आपला काळा कातळ पाणी धरतो. रांगण्यावर तलाव, पन्हाळ्यावर विहिरी, कुठल्याही गडावर शोधलं तर टाकं सापडतं. त्रिग्लाव ज्या रांगेत आहे ते जुलियन आल्प्स चुनखडीचे. पडलेला पाऊस भेगांतून थेट पोटात जातो आणि खाली दरीत झरा होऊन फुटतो. ज्या सावित्सा धबधब्यापासून आम्ही चढणार, तोही असाच कड्याच्या पोटातून बाहेर पडतो. त्यामुळे वाटेवर ओढा मिळेल हा भरवसाच सोडायचा. खालूनच प्रत्येकी तीन लिटर भरून निघायचं, वर बाटली विकत घ्यायची, आणि अंघोळ खाली उतरल्यावर. सरोवरात पाय बुडवायचाही मोह नको, तिथे पोहायला बंदी आहे. हटशेजारच्या दुहेरी सरोवरात कुणीतरी बाहेरून मासे आणून सोडले, त्यांनी पाण्यातले सूक्ष्म जीव फस्त केले आणि शेवाळ माजलं. इतकं नाजूक पाणी आहे ते.

चढायची वाट : ल्युब्लियानाहून बसने बोहिन्य, तिथून सावित्सा. पुढे दोन पर्याय. कोमार्चाचा कडा जवळचा, पण खडा आणि केबलचा. दुसरी वाट पहिल्या महायुद्धातली, खेचरांसाठी बांधलेली, वळणावळणाने कोम्ना पठारावर १,५२० मीटरला नेणारी. सामान पाठीवर असताना हीच. खुणा सगळीकडे एकच, लाल कडं आणि मध्ये पांढरा ठिपका. तिथल्या अलोइझ क्नाफेल्त्स या गिर्यारोहकाने १९२२ मध्ये ही पद्धत बसवली. पाट्यांवर किलोमीटर नसून तास लिहिलेले असतात, तेव्हा आपला वेग आधी माहीत हवा.

मधल्या दिवसांपैकी एक दिवस लेद्वित्सा सरोवर आणि जमलं तर प्रेहोदावत्सीच्या हटपर्यंत, २,०७१ मीटर. दुसरा मोकळा.

झोपायला सामाईक खोली, गादीला गादी लागून. ब्लँकेट मिळतं, पण आत घालायची स्वतःची चादरीची पिशवी हवी. बाजारातल्या रेशमी पिशव्या महाग वाटल्या, म्हणून इचलकरंजीचं पातळ पॉपलिन आणलं आणि शाहूपुरीतल्या शिंप्याकडून शिवून घेतली. दुमडून लांबी सव्वादोन मीटर, उशीसाठी वर खिसा, एक बाजू गुडघ्यापर्यंत उघडी. शिंपीमामांनी खालच्या कोपऱ्यांना आपणहून दुहेरी टीप मारली, ‘पाय ताणला की हितंच उसवतंय’ म्हणाले. कुणाला माप हवं असेल तर देतो.

खाण्याची काळजी नाही. बार्लीचं दाट कालवण, बकव्हीटच्या (कुट्टूच्या) पिठाचे झ्गान्त्सी, सारण भरून गुंडाळलेली श्त्रुक्ली. शाकाहाऱ्यांनी कालवणात मांस आहे का ते विचारून घ्यायचं. युरोपीय संघात दूध-मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे तूप आणि मटणाचं लोणचं यादीतून बाद. शेंगदाण्याची चटणी येतेय. कचरा सगळा परत खाली आणायचा.

कागदपत्रांत शेंगेन व्हिसाला प्रत्येक रात्रीचा मुक्काम दाखवावा लागतो, म्हणून हटचा होकार मेलवर मागून प्रिंट काढली. ३०,००० युरोचा प्रवास विमा सक्तीचा आहे, पण साध्या पॉलिसीत डोंगरातला बचाव धरलेला असेलच असं नाही. आमच्या विमा एजंटकडून ते कलम लेखी घेतलंय. अपॉइंटमेंटसाठी मुंबईची वारी बाकी.

सराव जोतिबाच्या पायऱ्यांवर चालू आहे, पाठीवर नऊ किलो. भर उतरण्यावर, कारण गुडघा तिथेच बोलतो. जुलैत पन्हाळा-पावनखिंड आहेच, पण त्या चिखलाने दम वाढतो, सुट्या चुनखडीवरचा तोल येत नाही. त्यासाठी एखादी घसाऱ्याची वाट शोधतोय.

उतरताना कोमार्चा घ्यायचा का, हे त्या सकाळी ठरेल. खडक ओला असेल तर कोम्नाच. केबलवरून उतरलेलं कुणी असेल तर सांगा, पूर्ण बोटांचे हातमोजे घ्यावेत की अर्धे?