फिजी, डावणी आणि ४ जीबी रॅम

मावसबहीण परवा निफाडहून लॅपटॉप घेऊन आली, म्हणे दादा यात इमेजजे टाकून दे ना, ते फोटोंवर मोजमाप करायचं सॉफ्टवेअर. एमएस्सीचा प्रोजेक्ट आहे तिचा, द्राक्षाच्या पानावरचा डावणी रोग. लॅपटॉप जुना, रॅम ४ जीबी, विंडोज रडत होतं म्हणून मागच्या वर्षी मीच उबंटू टाकून दिलेलं, त्यामुळे कुरकुर करायलाही तोंड नाही.

मी आपला शहाणा, टर्मिनल उघडून सुडो ॲप्ट इन्स्टॉल इमेजजे. झालं की. पट्टीएवढी टूलबार आली, ती म्हणाली एवढंच? हो, एवढंच असतं ते. पण तिच्या फाईली सीझेडआय, म्हणजे झाइस कंपनीच्या मायक्रोस्कोपच्या फॉरमॅटमधल्या, त्या काही उघडेनात. साध्या इमेजजेला टिफ, जेपेग कळतं, मायक्रोस्कोपवाल्यांचे आपापले फॉरमॅट वाचायला बायो-फॉरमॅट्स प्लगिन लागतं आणि ते फिजीत आयतं येतं. फिजी म्हणजे इमेजजेच, सोबत प्लगिनचा डबा भरून दिलेला, नावाचा फुल फॉर्मच 'फिजी इज जस्ट इमेजजे'.

फिजी इन्स्टॉल वगैरे करायचं नसतंच. झिप उतरवा, एक्स्ट्रॅक्ट करा, चालवा, जावाही सोबत येतं. मला मात्र नीटनेटकेपणाचा किडा, सुडो मारून, म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने, सिस्टिमच्या ऑप्ट फोल्डरात टाकलं आणि मग अपडेटर बोंबलायला लागला की लिहायची परवानगी नाही. अर्धा तास चमोड चोऊन (परवानगी आणि मालकी बदलायच्या कमांड) करत बसलो, शेवटी गपचूप होम फोल्डरात हलवलं. हे आधीच करायला हवं होतं.

मग फाईल उघडली आणि माऊसच अडकला. हिशोब केला तर २०४८ बाय २०४८, १६ बिट, म्हणजे एक फ्रेम ८ एमबी, ३ चॅनेल (रंगांचे), ४० स्लाइस (खोलीचे थर), झाले ९६० एमबी, आणि बाईसाहेबांनी अशा तीन फाईली एकदम उघडलेल्या, शेजारी ब्राउझरचे वीस टॅब. बायो-फॉरमॅट्सच्या इम्पोर्ट खिडकीत व्हर्च्युअल स्टॅकवर टिक केलं की समोरची स्लाइस तेवढीच वाचतो, तेव्हा कुठे लॅपटॉपने श्वास घेतला.

पानाच्या खालच्या बाजूची ती पांढरी बुरशी, फांद्यांच्या टोकाला लिंबाच्या आकाराचे बीजाणू, स्क्रीनवर काय दिसतं राव! बागेत हेच दिसलं की काकांचा चेहरा उतरतो, ते सोडा.

सीझेडआयमध्ये स्केल फाईलमध्येच येतं, पण तिचे जुने फोटो जेपेग, तिथे सगळी मापं पिक्सेलमध्ये. त्यासाठी मायक्रोमीटरच्या काचपट्टीचा फोटो लागतो, १ मिमीचे १०० भाग, एक भाग १० मायक्रॉन. दहा भागांवर रेघ ओढायची, ॲनलाइजमध्ये सेट स्केल, १०० मायक्रॉन लिहायचं. पण फोटो त्याच लेन्सचा पाहिजे, आणि हिने पट्टी काढलीय १० एक्सला, बीजाणू ४० एक्सला.

सोमवारी लॅबमध्ये जाऊन परत काढणारे. लॅपटॉप मात्र माझ्याकडेच ठेवून गेलीय, म्हणे बॅटरीचं पण बघ.