साडीआडची अंबाबाई

कोल्हापूरच्या अंबाबाईचे दर्शन आपण घेतो ते बहुधा भरजरी साडी आणि दागिन्यांनी सजलेल्या रूपाचे. त्यामुळे काळ्या पाषाणातल्या मूळ मूर्तीच्या हातांत नेमके काय आहे, हे वर्षानुवर्षे वारी करणाऱ्यांनाही सांगता येत नाही. मलाही ते अभिषेकाच्या वेळी पहिल्यांदा दिसले.

खालच्या उजव्या हातात म्हाळुंग, वरच्या उजव्यात गदा, वरच्या डाव्यात ढाल आणि खालच्या डाव्यात पानपात्र, म्हणजे पिण्याचे भांडे. कॅलेंडरवरच्या लक्ष्मीची कमळे आणि नाण्यांची धार इथे नाहीत. म्हाळुंग हे लिंबाच्या कुळातले जाड सालीचे, बियांनी भरलेले फळ. संस्कृतात त्याला ‘बीजपूर’ असेही म्हणतात, आणि सृष्टीचे बीज जिच्या हाती आहे ती आदिशक्ती, हा अर्थ त्या एका शब्दातच उलगडतो. दुर्गासप्तशती या देवीमाहात्म्याच्या ग्रंथाला जोडलेल्या ‘प्राधानिक रहस्य’ या प्रकरणात महालक्ष्मीची हीच चार आयुधे सांगितली असून तिच्या मस्तकी नाग, लिंग आणि योनी असल्याचेही म्हटले आहे. कोल्हापूरच्या मूर्तीमागे सिंह उभा आहे. विष्णुपत्नी म्हणून तिला केवळ धनाची देवता ठरवणे म्हणूनच मला अपुरे वाटते.