चिचिबूची चौतीस देवळं : माझा अनुभव

तोक्योत निशी-कासाईला राहायला आल्यावर सुट्टीच्या दिवसांत आसाकुसा, कामाकुरा, निक्को असं बरंच पाहून झालं. दर्शन झालं, फोटो झाले, पण इथली माणसं रोजच्या आयुष्यात देवाकडे कशी जातात, ते काही उमगेना. ऑफिसातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, "चिचिबूला जा. चालत जा आणि वही बरोबर ठेव."

चिचिबू म्हणजे तोक्योशेजारच्या सायतामा प्रांताच्या पश्चिमेला डोंगरांनी वेढलेलं खोरं. तोक्योतल्या इकेबुकुरोहून सेइबू रेल्वेच्या जलद गाडीने दीड तासाच्या आत पोहोचतो. या खोऱ्यात कान्नोनची, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर याची, 34 देवळं सुमारे 100 किलोमीटरच्या वाटेवर विखुरली आहेत. क्योतोकडची साइगोकूची 33, तोक्योच्या आसपासची बंदोची 33 आणि ही 34, अशी शंभर कान्नोनांची यात्रा पूर्ण होते. 1488 सालच्या यादीत चिचिबूचीही 33च देवळं आहेत. शंभराचा मेळ बसावा म्हणून पुढे एक वाढवलं गेलं.

पहिलं देऊळ शिमाबुजी. बसथांब्याचं नावच 'फुदाशो इचिबान', यात्रेचं देऊळ क्रमांक एक. सगळं सामान इथेच मिळतं: प्रत्येक देवळाचा शिक्का घ्यायची वही, नाव-गाव लिहायच्या कागदी चिठ्ठ्या, उदबत्त्या, मेणबत्त्या, आणि बिनबाह्यांची पांढरी बंडी. बंडीची सक्ती नसते, पण घ्याच असं मी सांगेन. ती अंगावर असली की शेतात काम करणारी माणसं हात थांबवून पुढची वाट दाखवतात, आजीबाई वाकून नमस्कार करतात. पंढरीच्या वाटेवर अनोळखी माणूस 'माऊली' म्हणून पाया पडतो, तसंच वाटलं मला.

क्रम ठरलेला आहे. दाराशी वाकून नमस्कार, पाण्याने हात आणि तोंड धुणं, एक मेणबत्ती, तीन उदबत्त्या, पेटीत चिठ्ठी, मग नाणं. त्यानंतर उभ्याने हृदयसूत्र हे छोटं बौद्ध सूत्र म्हणायचं. मी ते देवनागरीत लिहून नेलं होतं. शेजारचं एक वृद्ध जोडपं ठेक्यात म्हणत होतं, त्यांच्या मागोमाग म्हणत गेले. शेवटी "ग्यातेई ग्यातेई हारा ग्यातेई" आलं आणि 'गते गते पारगते' कानाला लागलं. तेवढी एक ओळ मी मोठ्याने म्हटली. आजोबांनी वळून बघितलं आणि हसून मान डोलावली.

हे सगळं झाल्यावरच वही घेऊन खिडकीशी जायचं. शिक्का ही मुळात सूत्र अर्पण केल्याची पोच आहे. पूर्वी हाताने लिहून काढलेलं सूत्र द्यायचे, आता म्हटलं तरी चालतं. हल्ली काहीजण गाडीतून उतरून थेट खिडकी गाठतात, शिक्का घेतात आणि पुढे जातात. मला ते बघवत नाही. पोच हातात, आणि दिलेलं काहीच नाही!

दुसऱ्या शिंपुकुजीला पुजारी नाही. सुरूच्या उंच झाडांमधून घाम काढणारा चढ, आणि वर काळं पडलेलं, बंद दारांचं लाकडी देऊळ. शिक्का खाली उतरून कोम्योजीत घ्यायचा. तिथल्या बाईंनी वही सरळ करून वर वजन ठेवलं, ब्रश शाईत दोनदा फिरवला. उजवीकडे 'श्रद्धेने दर्शन घेतलं' अशा अर्थाची दोन अक्षरं, मधोमध देवाचं नाव, डावीकडे देवळाचं. मग तीन लाल शिक्के, दाबून, सावकाश. पान मिटण्याआधी टिपकागद ठेवला आणि विचारलं, "वर पानं फार पडली होती का हो?" पडली होती. "मग उद्या झाडायला जाते," म्हणाल्या. या खोऱ्यातली कितीतरी देवळं अशीच शेजारपाजारच्या हातांवर उभी आहेत.

तिसऱ्या जोसेनजीत मात्र मला बराच वेळ बसावंसं वाटलं. तिथला कान्नोनचा मंडप मूळचा तिथला नाही. चिचिबू शहरातल्या शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ देवधर्माच्या, देवस्थानाच्या आवारात तो भैषज्यगुरू, म्हणजे रोग बरे करणाऱ्या बुद्धाचं देऊळ म्हणून उभा होता. 1868 मध्ये मेइजी सरकारने शिंतो देव आणि बुद्ध वेगळे करण्याचा हुकूम काढला, आणि 1870 मध्ये तो मंडप इकडे आणला गेला. त्याआधी त्याच चिचिबू देवस्थानात म्योकेन या ध्रुवताऱ्याच्या बोधिसत्त्वाची पूजा होत होती. हुकुमानंतर त्याच जागी शिंतो देवाचं नाव आलं. तिथलंच पंधरावं देऊळ मोडलं, आणि तो क्रमांक दुसऱ्या देवळाकडे गेला. शतकानुशतकं एकत्र नांदलेले देव कागदावर वेगळे झाले. लोकांनी मनातून काही तसं केलेलं नाही: 3 डिसेंबरच्या रात्रीच्या जत्रेत म्योकेन देवी बुको डोंगराच्या देवाला भेटते, असंच आजही सांगतात.

म्हणून देवळांच्या मधे चिचिबू देवस्थानातही जा. तिथली रीत वेगळी: दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं. बुद्धाच्या देवळात टाळी नाही, नुसते हात जोडायचे. बाहेर आलात की समोर बुको दिसतो, सिमेंटच्या चुनखडीसाठी पायऱ्या-पायऱ्यांनी कापलेला. देवाचा डोंगर असा बघून पोटात तुटतं.

चौथ्या किंशोजीच्या दारावर भल्यामोठ्या गवती चपला टांगलेल्या असतात, आणि आत हजाराच्या वर शेवाळलेल्या दगडी मूर्ती. त्यांत बाळाला अंगावर पाजणारी कान्नोन आहे. तिच्यासमोर तुम्हीच उभे राहा, मी वर्णन करत नाही.

वाटेच्या कडेला घोड्याच्या डोक्याच्या कान्नोनचे दगड दिसतात. ओझी वाहून मेलेल्या घोड्यांसाठी गावकऱ्यांनी ते उभारले. याच रूपातली कान्नोन अठ्ठाविसाव्या हाशिदातेची मुख्य देवता आहे. उंच कड्याच्या पायथ्याशी देऊळ, बाजूला चुनखडीची गुहा. गुहेत वाकून शिरावं लागतं आणि शिड्या चढून वर बाहेर यावं लागतं.

आता थोडं व्यवहाराचं. मधली देवळं शहरात जवळजवळ आहेत, पण एकतिसाव्यापासून पुढची फार लांब पडतात आणि बसेस कमी. हिवाळ्यात शिक्क्याची खिडकी चारलाच बंद होते, त्यामुळे लवकर निघा. सुटी नाणी भरपूर ठेवा. रानातल्या वाटेवर अस्वलांसाठी घंटी बांधाच. एक दिवस मित्सुमिने या डोंगरावरच्या शिंतो देवस्थानासाठीही काढा. तिथे दारावर लांडगे राखण करतात, आणि त्यांच्या चित्राचे कागद खोऱ्यातल्या घरांच्या दारांवर चिकटवलेले दिसतात.

या देवळांतल्या एरवी बंद असणाऱ्या मूर्ती दर 12 वर्षांनी, बारा प्राण्यांच्या वर्षचक्रातल्या घोड्याच्या वर्षी, दर्शनाला उघडतात. 2014 मध्ये उघडल्या होत्या, 2026 पुन्हा घोड्याचं वर्ष.

चौतिसाव्या सुइसेनजीत माझी वही भरली. पुढे बंदोची 33. पहिलं कामाकुरातलं सुगिमोतोदेरा, त्याच्यासाठी नवी वही घ्यायची आहे.