गुरुजींचं बक्षीसपत्र

25 एप्रिल 2024, गुरुवार. बँक ऑडिटचा हंगाम नुकताच आटोपला होता आणि रिटर्नची गर्दी सुरू व्हायला अवकाश होता. वर्षातले एवढे आठ-दहा दिवसच आम्हा सीए मंडळींना जरा उसंत मिळते. त्या दिवशी मात्र साडेदहापासून फोन थांबेना. एकजण विचारत होता, सोनं आताच सुनेच्या नावे करून टाकू का. दुसऱ्याला एफडी मोडायच्या होत्या. "मॅडम, निम्म्याहून जास्त सरकार नेणार म्हणे," हे वाक्य दुपारपर्यंत मी किमान सहा जणांकडून ऐकलं.

आदल्या दिवशी काँग्रेसचे नेते सॅम पित्रोदांनी एका मुलाखतीत अमेरिकेतल्या वारसा कराचं उदाहरण दिलं होतं. तिथे माणूस गेल्यावर संपत्तीतला 55 टक्के हिस्सा सरकार घेतं, यावर आपल्याकडेही चर्चा व्हायला हवी, असा त्यांचा सूर होता. निवडणूक ऐन रंगात होती. त्याच दिवशी पंतप्रधानांनी छत्तीसगडच्या सभेत तो मुद्दा उचलला आणि काँग्रेसने हे आपलं धोरण नाही म्हणून हात झटकले. रात्रीपर्यंत लोकांच्या मोबाइलवर पोचला तो फक्त आकडा. आमच्याकडे मतदान 13 मेला होतं, म्हणजे अजून अठरा दिवस तो फिरणार होता.

बाराच्या सुमारास गुरुजी आले. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, वय 78. पेन्शन आणि एफडीचं व्याज एवढंच उत्पन्न, त्यांचं रिटर्न मी दरवर्षी भरते. पिशवीतून त्यांनी मिळकतपत्रिका, सातबारा आणि टाइप केलेली चार पानं काढून माझ्यापुढे ठेवली. बक्षीसपत्राचा मसुदा होता. राहतं घर आणि अडीच एकर जमीन, दोन्ही मुलाच्या नावे.

"सोमवारी रजिस्ट्रारकडे जायचंय ताई. एकदा नजर घालून दे. कायदा यायच्या आत झालेलं बरं."

मी वाचत गेले. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं, हे बक्षीस विनाअट असून देणाऱ्याचा यापुढे मिळकतीवर कोणताही हक्क राहणार नाही. मुलीचं नाव कुठेही नव्हतं.

"गुरुजी, हे पान वाचलंत?"

"वाचलं की. तो काय मला घराबाहेर काढणार आहे होय?"

मुलाला मी ओळखते, सरळ माणूस आहे. पुढे मी त्याला फोन केला तेव्हा तोही खरोखर घाबरलेलाच होता. पण आमच्या धंद्यात वीस-बावीस वर्षं काढल्यावर एवढं कळतं की विनाअट बक्षीसपत्र झाल्यावर पुढचं आयुष्य दुसऱ्याच्या मर्जीवर जातं. आपल्याकडे महाराष्ट्रात राहतं घर आणि शेतजमीन मुलाला बक्षीस द्यायला मुद्रांक फक्त 200 रुपयांचा लागतो. वर थोडे इतर आकार, बस. दस्त स्वस्त म्हणून लोकांना तो सोपा वाटतो. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यात कलम 23 आहे. मुलाने सांभाळलं नाही तर त्या आधारे दस्त रद्द करून मागता येतो. पण सांभाळण्याच्या अटीवर दिलंय हे दाखवावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितलंय. आणि इथे तर "विनाअट" असं ठळक अक्षरात टाइप केलेलं.

मी म्हटलं, असा कोणताही कायदा आज नाही, विधेयकही नाही. गुरुजींनी मान हलवली, पण पटलं नव्हतं. मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी गप्प झाले.

1971 मध्ये त्यांचे मामा गेले. मोठा वाडा, थोडं सोनं, हातात रोकड नाही. "इस्टेट ड्युटीसाठी मामेभाऊ वर्षभर कचेरीच्या फेऱ्या मारत होता. पार वाळून गेला. मी सोबत जायचो." इस्टेट ड्युटी म्हणजे तेव्हा आपल्याकडे असलेला वारसा करच. म्हणजे ही भीती काही व्हॉट्सॲपवरून आलेली नव्हती. पन्नासहून अधिक वर्षं ती त्यांच्या मनात होती, व्हिडिओने तिला फक्त जागं केलं.

आणि ती खोटीही नव्हती. 1953 चा तो कायदा फार वाईट बेतलेला होता. वरचा दर 20 लाखांपुढे 85 टक्के, पण सुरुवात 50,000 च्या वर लगेच. खऱ्या धनिकांनी वाटा शोधल्या आणि वाडेवाले अडकले. 1985 च्या अर्थसंकल्पात विश्वनाथ प्रताप सिंह यांनी तो रद्द केला तेव्हा वर्षाचं उत्पन्न होतं जेमतेम 20 कोटी, आणि ते गोळा करण्याचा खर्च त्या मानाने बराच. मी ज्यांच्याकडे आर्टिकलशिप, म्हणजे सीएची उमेदवारी, केली त्या सरांनी अशा फायली हाताळल्या होत्या. ते सांगायचे, मरणाआधीच्या दोन वर्षांतलं दानही मयताच्याच मालमत्तेत धरलं जायचं. गुरुजींना मी हेच सांगितलं. उद्या तसा कायदा आलाच, तर घाईघाईने केलेलं बक्षीसपत्र वाचवेलच असं नाही.

मग कोरा कागद घेतला. घर, बाजारभावाने 40 लाख. एफडी 11 लाख. जमिनीपुढे मी आकडाच लिहिला नाही. शेतजमिनीच्या वारशावर कर लावण्याचा अधिकार राज्यघटनेने राज्यांना दिलाय, केंद्राला नाही. सातव्या अनुसूचीत तशी स्वतंत्र नोंद आहे. त्याखाली अमेरिकेची गोष्ट लिहिली: तिथल्या केंद्र सरकारचा दर जास्तीत जास्त 40 टक्के, काही राज्यांचा वेगळा कर, आणि 2024 मध्ये 1 कोटी 36 लाख डॉलरपर्यंत केंद्राचा कर शून्य. रुपयांत साधारण 113 कोटी.

गुरुजींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि कागद जवळ ओढून घेतला. "एकशे तेरा कोटी?"

"हो."

"मग हे आमच्या घरात कसं शिरलं गं?"

याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. आजही त्याने मला संताप येतो. अतिश्रीमंतांवर किती कर लावावा हा खरा प्रश्न आहे, त्यावर या देशात भरपूर वाद व्हायला हवा. 2019 मध्ये पाच कोटींवरच्या उत्पन्नाला 37 टक्के अधिभार, म्हणजे करावरचा जादा कर, आला, 2023 मध्ये नव्या करपद्धतीत तो 25 वर उतरला. दोन्ही वेळा माझ्या ऑफिसात असा एकही फोन आला नाही. संपत्ती कराची रिटर्न मी स्वतः भरली आहेत. त्यात सोनं, गाडी, मोकळा प्लॉट धरला जायचा. शेअर्स मात्र नाहीत. माझ्याकडच्या एका विधवा बाईंनी दागिन्यांवर तो कर भरला, आणि कोट्यवधींचे शेअर असलेल्यांना काही लागलं नाही. 2015 मध्ये अरुण जेटलींनी तो रद्द करताना सांगितलेली देशभराची वसुली होती 1,008 कोटी. मर्यादा कुठे आखायची, काय मोजायचं, पळवाटा कशा बुजवायच्या, असं बोलता आलं असतं. मोठ्या वारशावर, अगदी वरच्या मर्यादेनंतर, कर असावा असं माझं स्वतःचं मत आहे. पण अर्धवट सांगितलेला आकडा एकाने टाकला, दुसऱ्याने तो सभेत उचलला, आणि 78 वर्षांचा माणूस राहतं घर लिहून द्यायला निघाला.

त्याच दुपारी माझ्या सर्वात श्रीमंत अशिलाचा फोन आला, टीडीएसच्या एका नोटिशीबद्दल. बोलणं संपताना मीच विचारलं, वारसा कराचं ऐकलंत का? ते शांतपणे म्हणाले, "ट्रस्ट 2017 सालीच झालाय ना ताई. तुम्हीच तर कागद केले होते." केले होते, कायद्यात बसवूनच; संपत्ती आधीच ट्रस्टच्या नावे गेली होती. फोन ठेवल्यावर बराच वेळ माझं कामात लक्ष लागलं नाही.

गुरुजींना मी मृत्युपत्राचं सुचवलं होतं. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही, दोन साक्षीदार पुरतात, आणि मनात आलं तर ते बदलताही येतं. मुलाला स्पीकरवर घेतलं, त्याला हेच सगळं पुन्हा सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "मग सोमवारची रजा रद्द करतो."

गुरुजींनी मसुद्याची चार पानं घडी करून पिशवीत ठेवली. माझा आकड्यांचा कागदही मागून घेतला. दारापर्यंत गेले आणि थांबले.

"साक्षीदार म्हणून आमची लेक चालेल का गं?"

मी म्हटलं, ज्याला काही द्यायचं असेल त्याला साक्षीदार न केलेलं बरं.

"मग नको," ते म्हणाले. "दुसरं कुणी बघतो."