तुम्ही विचारलंत म्हणून: भाड्याच्या घरात बाथरूमवर एवढा खर्च कशाला?

ठाण्याच्या नौपाड्यात नाहीतर नवी मुंबईत नेरुळला जुना फ्लॅट भाड्यासाठी घेतला की प्रश्न ठरलेला: "राहणार भाडेकरू, मग बाथरूम तळापासून का फोडायचं? टाइलवर टाइल चिकटवली की दोन दिवसांत काम होतं."

होतं ना. पण फरशी वर येते, उंबरठा बुटका पडतो, पाणी खोलीत शिरतं. आणि मूळ गळती टाइलखालच्या भरावात तशीच मुरत राहते.

म्हणून भराव स्लॅबपर्यंत काढायचा. गंजलेल्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) लाइनी काढून सीपीव्हीसी (प्लास्टिकची) टाकायची, खाचा बुजवण्याआधी दाबाची चाचणी घ्यायची. नहाणी ट्रॅप (फरशीतली सांडपाण्याची जाळी बसते तो भाग) आणि कमोडचा पाइप पक्का बसल्यावरच वॉटरप्रूफिंग: पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा, भिंतीवर निदान फूटभर, शॉवरपाशी त्याहून उंच, उंबरठ्याखालूनही. मग ट्रॅपचं तोंड बंद करून पाणी भरायचं, पातळीची खूण करायची आणि 48 तास थांबून खालच्या घराचं छत बघायचं.

सगळं इथे बिघडतं. कंत्राटदार म्हणतो, रात्रभर पुरे. पुरत नाही, स्लॅबमधून पाणी झिरपायला वेळ लागतो. त्याहून वाईट म्हणजे चाचणी झाल्यावर प्लंबर पाइप इंचभर सरकवायला छिन्नी मारतो आणि तिथेच थर फाटतो. छिन्नी लागली की थर पुन्हा, पाणीही पुन्हा. ब्रिकबॅट कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर) घातल्यावर आणखी एकदा पाणी भरायचं. कोब्याला नहाणीकडे मीटरमागे सेंटीमीटरभर उतार हवा. एवढं टाळलंत आणि खालच्यांच्या छताला डाग पडला, तर सोसायटीच्या उपविधींप्रमाणे आपल्या संडास-बाथरूमची गळती काढण्याचा खर्च आपलाच, तोही भाडेकरू आत राहत असताना.

"हा खर्च गृहकर्जात बसेल ना?" नाही बसत. 60 लाखांच्या फ्लॅटला नियमाप्रमाणे जास्तीत जास्त 80 टक्के, म्हणजे 48 लाख. वरचे 12 लाख, 7 टक्के मुद्रांक शुल्काचे 4 लाख 20 हजार आणि नोंदणीचे 30 हजार खिशातून. नवी मुंबईत जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्यावर असेल तर हस्तांतरण शुल्क वेगळं. दुरुस्तीची रोकड याच्याही पलीकडे बाजूला हवी.

पूर्वी मी सांगत असे, हप्ता सुरू असताना घर रिकामं ठेवू नका, आधी भाडेकरू आणा. त्या म्हणण्यात अजूनही दम आहे. 48 लाखांचा 8.5 टक्क्यांनी 20 वर्षांचा हप्ता साधारण 41,650 रुपये, आणि अशा फ्लॅटचं भाडं त्याच्या जवळपासही जात नाही. रिकामा गेलेला प्रत्येक महिना बोचतो, हे मला मान्य आहे. तरी फोडाच, असं मी म्हणतो. पण हा खर्च भाड्यातून किती वर्षांत निघेल असं विचारलंत, तर छातीठोक उत्तर माझ्याकडे नाही.