लाकूड कुठलं, ते आधी सांग

म्हापशाच्या दुकानात काउंटरवर दोन छोटे लोखंडी रंधे, मुठीत मावणारे. मी किंमत विचारणार इतक्यात शेजारी स्क्रू मोजून घेणारे एक म्हातारे मेस्त, म्हणजे सुतार, म्हणाले, "लाकूड कुठलं, ते आधी सांग."

फणस, म्हटलं. देव्हाऱ्यासाठी.

त्यांनी दोन्ही रंधे उलटे केले. कंपनीचं नाव वाचलंच नाही. पुढची पट्टी सरकवून पात्यासमोरची फट बारीक होते का, तेवढं उजेडाला धरून पाहिलं. फणसाच्या रेषा उलटसुलट जातात. फट मोठी राहिली की पातं लाकूड तासत नाही, उपटतं.

मग कोन. अशा मुठीतल्या रंध्याला ब्लॉक रंधा म्हणतात. साध्या ब्लॉक रंध्यात पातं साधारण 20 अंशांवर बसतं, कमी कोनाच्या रंध्यात 12 वर. धारेचा उतार वरच्या बाजूला असल्याने त्याचे 25 अंश त्यात मिळतात. एकाचे झाले 45, दुसऱ्याचे 37. फळीचं कापलेलं टोक साफ करायला 37 बरा. त्यातच 38 अंशांची धार लावलेलं जादा पातं घातलं की 50 होतात आणि फणसाचा सपाट भागही कमी ओरबाडतो. मी तोच घेतला.

पण मनात राहिला तो प्रश्न. आपण सगळे 'चांगला कुठला' विचारतो, मेस्त लाकडापासून सुरुवात करतात. हे त्यांच्याकडून शिकून घेणारे हात आता फार थोडे उरलेत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तुमच्या गावात असे मेस्त आहेत का? त्यांच्याशी शेवटचं कधी बोललात?